पेत्राचे ‘नाही’

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ख्रिस्ती पुढाऱ्याच्या नम्रतेविषयी बोलताना हा प्रसंग हटकून सांगितला जातो. मात्र त्यातील पेत्राकडे आपले दुर्लक्ष होते. पेत्र गुरूला तोंडावर नाही म्हणतो. गुरू त्याला गप्प बसवीत नाही, समजावून सांगतो. माझ्या मते गुरूच्या वाकण्याइतकेच शिष्याचे हे ‘नाही’ मोलाचे आहे.

जालन्याजवळच्या बेथेलचा इतिहास अभ्यासताना हे विशेष जाणवले. हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविले. जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनच्या आश्रयास होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे वादंग माजले, बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली. पाद्री, न्यायाधीश, शास्त्री सारे त्या मुलाविषयी बोलत होते. अधिकार म्हणजे काय, हे शेषाद्रींनी आपल्या घरातच पाहिले होते.

१८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे जालना हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल उभारले. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर. तेथे आलेले बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या मांग व महार समाजांतील होते. त्या काळी एका ब्राह्मणाने त्यांच्यात जाऊन राहावे, ही साधी गोष्ट नव्हे. १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत बोलून आलेला हा विद्वान मराठवाड्यातील या माळरानावर रमला.

परंतु ज्याने जमीन मिळवून दिली, तोच धर्मोपदेश करणारा. अशा माणसाचे प्रवचन पटले नाही, तर ते कोण बोलून दाखवील? शेषाद्रींच्या नम्रतेविषयी मला शंका नाही. शंका आहे ती एकाच हाती आलेल्या इतक्या गोष्टींविषयी. माणूस कितीही नम्र असो, त्याच्या उपकाराखालचा माणूस मोकळेपणाने बोलेलच असे नाही. १९१७ साली नारायण वामन टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. अधिकाराची एक दोरी त्यांनी स्वतःच कापली. अर्थात, ज्यांच्यापाशी सोडण्यासारखे काही होते, त्यांनाच हे शक्य होते, हेही खरे.

मी स्वतः वस्तीतील मुलांना संध्याकाळी शिकवतो. फार प्रेमाने शिकवतो, असा माझा समज होता. एकदा फळ्यावर मी बेरीज चुकवली. सर्वांनी ती तशीच वहीत उतरवून घेतली. चूक ध्यानात आल्यावर मी विचारले, “कोणालाच कळलं नाही?”

मागच्या रांगेतली एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, “कळलं होतं सर. पण तुम्ही लिहिलं होतं ना.”