हृदयशस्त्रक्रिया आणि कृत्रिम श्वसन : श्वासाच्या मात्रेचा विचार

विषयप्रवेश

हृदयाच्या बायपासची किंवा झडपेची शस्त्रक्रिया ठरली, की रुग्ण व त्याचे आप्त अनेकदा प्रथम आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतात. ‘व्हेंटिलेटरवर ठेवणार म्हणतात, म्हणजे आता आशा संपली का?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो. या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर देता यावे आणि शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर आपले कर्तव्य कोणते हे स्पष्ट व्हावे, या हेतूने प्रस्तुत लेखात प्रौढ रुग्णांमधील कृत्रिम श्वसनाचा विचार केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. हृदयशस्त्रक्रियेत संपूर्ण भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे दिली जातात. त्यामुळे रुग्णाचे स्वतःचे श्वसन थांबते आणि ते काम यंत्राकडे सोपवावे लागते. म्हणजे येथे व्हेंटिलेटर हा शेवटचा उपाय नसून पूर्वनियोजित टप्पा असतो.

शस्त्रक्रियेत फुप्फुसांचे काय होते?

६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. हे यंत्र रक्ताभिसरण व रक्तातील वायुविनिमय या दोन्ही क्रिया सांभाळते. त्या काळात फुप्फुसे बहुधा निश्चल ठेवली जातात. परिणामी अनेक वायुकोश मिटतात. शिवाय यंत्राच्या नळ्यांशी रक्ताचा संपर्क आल्याने सर्व शरीरात शोथाची प्रतिक्रिया निर्माण होते. उरोस्थी छेदलेली असल्याने वेदनेमुळे नंतर दीर्घ श्वास घेणे व खोकणेही कठीण जाते. अशा नाजूक अवस्थेतील फुप्फुसांना यंत्राने किती श्वास द्यावा, हा या विषयाचा गाभा आहे.

मात्रा वजनावर नव्हे, उंचीवर

पूर्वी शरीराच्या वजनाच्या दर किलोस १० ते १५ मि.ली. एवढा मोठा श्वास देण्याचा प्रघात होता. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे नव्हते. त्यांच्या फुप्फुसांना तीव्र इजा झालेली होती. दर किलोस १२ मि.ली. श्वास दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्के, तर ६ मि.ली. दिलेल्या गटात ३१ टक्के आढळले. अतिरिक्त ताणाने फुप्फुस जखमी होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

कॅनडातील क्युबेक येथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ३,४३४ रुग्णांचा निरीक्षणात्मक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मोठा श्वास दिलेल्यांत शस्त्रक्रियेनंतर अवयव निकामी होण्याचे प्रमाण अधिक दिसले. असा मोठा श्वास मिळण्याचा धोका स्त्रिया व स्थूल व्यक्ती यांना अधिक होता. कारण उघड आहे. मेद वाढला म्हणून फुप्फुस वाढत नाही. त्याचा आकार उंची व लिंग यांवर ठरतो.

म्हणून आज श्वासाची मात्रा उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस साधारण ६ ते ८ मि.ली. ठेवतात. स्त्रियांसाठी हे वजन काढताना उंचीतून (सें.मी.) १५२.४ वजा करून बाकीला ०.९१ ने गुणावे व ४५.५ मिळवावेत, पुरुषांसाठी ५० मिळवावेत. समजा, स्त्रीची उंची १५० सें.मी. व प्रत्यक्ष वजन ७० किलो आहे. सूत्राने तिचे वजन सुमारे ४३ किलो येते आणि श्वास २६० ते ३४५ मि.ली. ठरतो. प्रत्यक्ष वजनावर दर किलोस ८ मि.ली. धरले तर ५६० मि.ली. होतात, म्हणजे तिच्या फुप्फुसांच्या दृष्टीने दर किलोस १३ मि.ली.!

चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्षेत ‘प्रमाण’ सांगितले आणि ते ज्याच्या त्याच्या अंगुळांनी मोजावयास सांगितले. त्यांच्यापुढे यंत्रे नव्हती. परंतु माप ज्याचे त्याच्या देहावरून घ्यावे, हा विचार आपणांस नवा नाही.

श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटू नयेत म्हणून थोडा दाब कायम राखतात. मात्र ‘अधिक उपाय म्हणजे अधिक लाभ’ असे येथेही नाही. हृदय-फुप्फुस यंत्र चालू असताना फुप्फुसांना लहान श्वास देत राहावे का, हे फ्रान्समध्ये १,५०१ रुग्णांवर तपासले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात श्वास न दिलेल्या गटाच्या तुलनेत लक्षणीय लाभ आढळला नाही.

रक्तस्राव आटोक्यात, शरीर उबदार, रक्ताभिसरण स्थिर आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर श्वासनलिकेतील नळी शक्यतो सहा तासांच्या आत काढावी, अशी आजची दिशा आहे. काहींना अधिक वेळ लागतो. एवढ्यावरून आप्तांनी धीर सोडू नये.

वैद्यांचे कर्तव्य

१) विडी, सिगारेट व मद्य किमान चार आठवडे आधी बंद करवावे.

२) हॉलंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धोका अधिक असलेल्या बायपासच्या रुग्णांकडून किमान दोन आठवडे आधी श्वास आत घेण्याच्या स्नायूंचा व्यायाम करवून घेतला. न्यूमोनियाचे प्रमाण १६.१ वरून ६.५ टक्क्यांवर आले. हा काळ रुग्ण बहुधा आपल्याच परिसरात असतो. म्हणून शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने हा व्यायाम होत आहे ना, याकडे आपण लक्ष द्यावे.

३) चालू असलेल्या सर्व औषधांची यादी स्वाक्षरीसह रुग्णाच्या हाती द्यावी. लसूण व गुग्गुळयुक्त कल्पांचा उल्लेख रक्तस्रावाच्या दृष्टीने अवश्य करावा.

४) शस्त्रक्रियेनंतर ज्वर, पिवळा कफ, वाढता श्वास, आडवे झाल्यावर होणारी घुसमट किंवा उरोस्थीत खटखट जाणवल्यास काढे देत न थांबता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. आवाजाचा घोगरेपणा नळीमुळे काही दिवस राहू शकतो. तो टिकल्यास तपासणी करवावी.

५) उरोस्थी जुळेपर्यंत छातीस मर्दन, कपालभाती व भस्त्रिका वर्ज्य समजावीत.

औषधालय चालकांस एक विनंती. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने खोकल्याचे औषध मागितल्यास त्यातील घटक वाचावेत. यष्टिमधूच्या अधिक वा दीर्घ सेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णात ही घट हृदयाची लय बिघडवू शकते. असे औषध वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये.

उपसंहार

अतिदक्षता विभागातील यंत्र भूलतज्ज्ञांच्या हाती असते, आपल्या हाती नाही. परंतु त्या यंत्रापाशी जाणारे फुप्फुस किती निरोगी असावे आणि तेथून परतलेला रुग्ण कसा सांभाळावा, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. औषधाची मात्रा चुकली तर अमृतही विष होते, हे आपण नित्य सांगतो. श्वासालाही तोच नियम आहे.