दाताला दात जुळेपर्यंत

पावसाळ्यात पांदणीत जीप फसली की चिखलातलं चाक नुसतं गरगरतं आणि कोरड्यावरचं जागचं हलत नाही. म्हणून अमरावती-अकोल्याकडचे काही जीपवाले मागच्या एक्सलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवून मागतात. बसवायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ जातो क्राउन-पिनियनची जुळणी तपासण्यात. त्यातून कळलेल्या या गोष्टी.

१. खोलण्याआधी मोजा. जुना बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजनं घेऊन लिहून ठेवा. वापरातले दात एकमेकांना सरावलेले असतात, त्यांना शक्य तितकं जुन्याच जागी आणायचं असतं. बेरिंग कॅपवर डाव्या-उजव्याची खूण करा. त्यांची अदलाबदल चालत नाही.

२. जोडी फोडू नका. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून तयार होतात. दोन्हींवरचा जोडीचा नंबर जुळला पाहिजे. भंगारातला एकटा क्राउन कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये.

३. जुन्या शिमवर (अंतर जुळवायच्या पातळ चकतीवर) विसंबू नका. फक्त डिफरन्शियलची केस बदलली तर पिनियनची खोली तीच राहते, पण क्राउन बसतो ती फ्लँज नव्या केसवर किंचित अलीकडे-पलीकडे असू शकते. तेवढ्यानं सगळा हिशेब बदलतो.

४. बॅकलॅश एकाच दातावर घेऊ नका. क्राउन फिरवून चार ठिकाणी घ्या. जीपच्या मापाच्या एक्सलला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर बसतो, पण मॅन्युअलमधला आकडा अंतिम. चार मापांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर क्राउनखाली कचरा किंवा बर आहे का ते बघा. एका बाजूची जितकी शिम काढाल तितकीच दुसऱ्या बाजूला घाला, म्हणजे बेरिंगचा प्रीलोड बिघडत नाही. क्राउन ०.१० सरकला की बॅकलॅश साधारण ०.०७ नं बदलतो.

५. गेज बरोबर आला म्हणून काम संपत नाही. काही दातांना मार्किंग ब्लू लावा, क्राउनवर लाकडी ठोकळ्याचा दाब ठेवा आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाकडे गेला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, बुडाशी गेला तर फार आत. गाडी ओढणारी बाजू आधी बघा, पण उलटी बाजूही सोडू नका.

६. हा कापसाचा मुलूख, तरी हौसिंगमध्ये कॉटन वेस्ट नको. सुटलेले तंतू बेरिंगमध्ये जातात. तंतू न सुटणारं फडकं वापरा.

७. ऑइल जीएल-५ चं घाला. क्लचप्लेटच्या डिफरन्शियलला बहुधा फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, गिअरवाल्याला सहसा नाही. बनवणाऱ्याची सूचना वाचा.

८. शेवटची परीक्षा कानाची. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावरचा लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी झाला आणि गिनीज बुकात गेला. अशा गुळगुळीत रस्त्यावर टायरचा आवाज कमी, म्हणून दातांचा लगेच कळतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गुणगुण आली तर ओढणाऱ्या बाजूचा ठसा पुन्हा बघा, पाय उचलल्यावर आली तर उलट्या बाजूचा.

“भाऊ, आवाज येऊन राह्यला” म्हणत गाडी परत येण्यापेक्षा आणखी एकदा शिम बदललेली परवडते. गाडीमालकांनो, तुम्हीही झाकण लागण्याआधी दातांवरचा ठसा दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक त्याचा राग मानत नाही.