मुलाच्या हातीं पहिलें यंत्र

शेतकऱ्याच्या मुलास यंत्रापासून दूर ठेवूं म्हटलें तरी तें आतां शक्य राहिलेलें नाहीं. गोठ्याशेजारीं कडबाकुट्टी फिरत असते, विहिरीवर विजेचा पंप चालतो आणि सुगींत खळ्यावर मळणीयंत्र येतें. मळणीयंत्रानें होणाऱ्या इजांची दखल घेऊन मध्यवर्ती सरकारास १९८३ सालीं धोकादायक यंत्रांसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. मूल हें सर्व पाहत असतें, आणि सात-आठ वर्षांचें झालें म्हणजे "मला चालवूं द्या" म्हणून हट्ट धरूं लागतें. "हात लावूं नको" एवढ्या हुकुमानें भागत नाहीं. वडील माणूस शेतावर गेलें म्हणजे तो हुकूम पाळला जाईलच असें नाहीं. त्यापेक्षां आपण निवडलेलें एक लहान यंत्र आपल्या देखत मुलाच्या हातीं द्यावें, हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

पण आधीं मुलाची पारख करावी. वयाचा आंकडा येथें फारसा उपयोगी नाहीं. हातोडी, लहान करवत, पेंचकस आणि गिरमीट हीं हत्यारें तें नीट वापरतें काय, काम संपल्यावर जागच्या जागीं ठेवतें काय, आणि "थांब" म्हणतांच थांबतें काय, एवढें पाहावें. ज्यानें गिरमिटानें स्वतःच्या मनगटाच्या जोरावर भोंक पाडलेलें नाहीं, त्याला यंत्राचा जोर म्हणजे काय हें कळणार नाहीं. मुलगा कीं मुलगी हा प्रश्न येथें येत नाहीं. दोघांसही हेंच माप लावावें.

आतां निवड. आमच्या मतें पहिलें यंत्र बॅटरीवर चालणारें लहान ड्रिल हेंच असावें. ब्लॅक अँड डेकर कंपनीनें १९६१ सालीं असें ड्रिल प्रथम बाजारांत आणलें. तेव्हांपासून तें पुष्कळ हलकें झालें आहे. १२ व्होल्टचें ड्रिल सुमारें एक किलो भरतें. मुलाची मूठ दांड्याभोंवतीं पुरती बसावी आणि तर्जनी घोड्यापर्यंत सहज पोंचावी. दुकानांत मुलास बरोबर नेऊनच हें पाहावें. घोडा हळू दाबला तर फेरे हळू व सोडतांच यंत्र बंद, असें असावें. चकामागें आंकड्यांचें एक कडें असतें, तें क्लचचें. लहान आंकड्यावर लावलें म्हणजे स्क्रू पुरा बसतांच कटकट आवाज होऊन जोर सुटतो व मनगटास हिसका बसत नाहीं. हें कडें नसलेलें यंत्र स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.

विजेच्या तारेवर चालणारें १३ मिलिमीटरचें मोठें ड्रिल घरांत आहे, तेंच देऊं, असा विचार पुष्कळांच्या मनांत येईल. तो सोडून द्यावा. पातें लांकडांत अडकलें तर तें यंत्र मोठ्या माणसाचेंही मनगट पिरगाळतें. शिवाय ओल्या जमिनीवर २३० व्होल्टची तार मुलाजवळ नको. ग्राइंडरचें तर नांवच काढूं नये. त्याचें चार इंची चाक मिनिटास अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतें, आणि फुटलें तर तुकडा कोठें जाईल याचा नेम नाहीं. गोल पात्याची करवतही तशीच; ती अडकली कीं मागें उसळते. टेबलावर बसविलेली, बारीक पात्याची, वरखालीं चालणारी करवत मात्र मुलांस दुसरें यंत्र म्हणून चांगली. ती मागें उसळत नाहीं. बोटें पात्यापासून दूर ठेवण्याची संवय लागली म्हणजे झालें.

पहिला धडा आंबा किंवा पांगारा अशा मऊ लांकडावर द्यावा. बाभळीचें लांकूड नवख्यास दमवतें. लांकूड शेगड्यांत आवळलेलें असावें, हातांत कधींही धरूं देऊं नये. पातें तीन मिलिमीटरचें, आणि खालीं एक टाकाऊ फळी. पत्र्यास मात्र अद्याप भोंक पाडूं देऊं नये. पातें पत्रा पकडतें, तो गरकन् फिरतो आणि कोयत्यासारखा कापतो.

डोळ्यांवर चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत. हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें, परंतु फिरत्या पात्यानें मोज्याचा धागा पकडला तर बोट त्याबरोबर जातें. याच कारणासाठीं ओढणी, मनगटावरचा दोरा, सैल बाही व मोकळे केस आवरून घ्यावे. पातें बदलण्यापूर्वीं बॅटरी काढण्याची संवय पहिल्या दिवसापासून लावावी, आणि काम संपल्यावर बॅटरी कपाटांत कुलुपाखालीं ठेवावी; यंत्र खुंटीवर राहिलें तरी चालेल.

पहिलें काम खरेंच उपयोगाचें असावें. बियाण्याची पेटी किंवा कोंबड्यांच्या खुराड्याचें झांकण मुलाकडून करवावें. खेळण्यापेक्षां त्यांत त्याचें मन अधिक लागतें. मात्र शिकविणें आणि कामास जुंपणें यांत भेद आहे. १४ वर्षांखालील मुलानें शाळा सांभाळून घरच्या कामास हातभार लावण्यास २०१६ च्या दुरुस्त कायद्यानें मोकळीक ठेविली आहे. धोक्याच्या कामास ती नाहीं. तेव्हां ड्रिल नीट चालवितो म्हणून कडबाकुट्टीच्या तोंडाशीं त्याला उभें करूं नये. फार तर ती बंद करून, तार काढून ठेवून, तिचीं पातीं त्याला जवळून दाखवावीं, आणि वैरण आंत ओढली जाते तेथें हात कां नेऊं नये, हें त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें.