कॅमेऱ्याची निवड : कणांची संख्या की पटलाचा विस्तार?



आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीवरून आपल्या नातेपुत्यास मुक्कामास येते, तेव्हा दिवेलागणीच्या वेळी तिचे छायाचित्र टिपण्याची उत्कंठा तुमच्यापैकी कित्येकांस होते. मग घरी डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याचा हट्ट सुरू होतो, आणि वडील विचारतात, ‘फोनात १०८ मेगापिक्सेल असता २४ मेगापिक्सेलच्या यंत्रास इतके द्रव्य कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उसाच्या बिलातून वाचविलेला पैसा खर्चण्यापूर्वी त्याचे उत्तर समजून घेणे अगत्याचे होय.

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष चित्रकण. भिंगातून आलेला प्रकाश ज्या पटलावर पडतो, तो सेन्सर. हे कण त्याच्यावरच ओळीने मांडलेले असतात. आता प्रकाशास पावसाची उपमा द्यावी. अंगणात ठेविलेल्या परातीत किती पाणी साचेल, हे तिच्या विस्तारावर अवलंबून असते. तीत पट्ट्या घालून खण वाढविले, म्हणून थेंबभरही पाणी वाढत नाही. उलट प्रत्येक खणाच्या वाट्यास ते कमी येते. प्रकाश अपुरा पडला की चित्रात रवाळपणा दिसू लागतो.

हे आकड्यांनी ताडून पाहू. २०२० साली आलेल्या १०८ मेगापिक्सेलच्या एका फोनाचा सेन्सर सुमारे ९.६ × ७.२, म्हणजे ६९ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी जातीच्या एसएलआरचा २३.५ × १५.६, म्हणजे सुमारे ३६६. फुल फ्रेमचा ३६ × २४, म्हणजे ८६४. भर दुपारी हे अंतर फारसे जाणवत नाही. सायंकाळी मात्र लपत नाही.

तर मग कणसंख्या निरर्थक का? तसे नाही. भिंतीएवढे चित्र छापणे असेल, अथवा चित्राचा लहानसा भाग कापून मोठा करणे असेल, तर तिचा उपयोग आहेच. परंतु इंचास ३०० कण या हिशेबाने १२ × ८ इंचांच्या छापील चित्रास ३६०० × २४००, म्हणजे ८६ लक्ष ४० हजार कण पुरतात. पवित्र शास्त्रात गिदोनाच्या ३२,००० लोकांतून अखेर ३०० च निवडले गेले, ही कथा तुम्हांस ठाऊक आहे. कॅननने २०२० साली बातमीदार व क्रीडाछायाचित्रकार यांच्यासाठी काढलेल्या वन-डी एक्स मार्क थ्री या कॅमेऱ्यातही २०.१ मेगापिक्सेलच आहेत.

पालकांस आमची सूचना अशी : फुल फ्रेमसाठी कर्ज काढू नये. एपीएस-सी कॅमेरा, हवा तर जुना पण पारखून घेतलेला, आणि त्यास ५० मिलिमीटरचे एफ १.८ छिद्राचे भिंग, एवढे विद्यार्थ्यास पुरे. सोबत मिळणारे १८-५५ चे भिंग पूर्ण लांबविले असता एफ ५.६ वर येते. त्याच्या नऊपटीहून अधिक प्रकाश हे भिंग आत घेते. पटल मोठे केल्याने लाभ होतो तो सव्वादोन पटींहून थोडासा अधिक. मात्र एफ १.८ वर स्पष्टतेची खोली कमी होते, म्हणून नेम अचूक हवा.

तात्पर्य, खोक्यावरील आकडा शेवटी वाचावा. आधी आपणांस काय टिपावयाचे आहे व तेथे उजेड किती आहे, हे कागदावर लिहून काढावे, आणि तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढावी.