बेरीज कोठे चुकते?
तक्त्यांतील माहितीचे गट आणि स्तंभांचे प्रकार

ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टी वसुलीची नोंद आता वहीबरोबर संगणकावरील तक्त्यांतही ठेवली जाते. तीतून गावनिहाय एकूण वसुली काढावयाची, तर तक्त्याला प्रश्न विचारावा लागतो. त्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी भाषा म्हणजे एसक्यूएल होय. आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉईस यांनी १९७४ मध्ये तिचे पहिले स्वरूप मांडले. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. तिच्यातील ‘ग्रुप बाय’ या आज्ञेने सारख्या नोंदी एकत्र येतात आणि ‘सम’ या आज्ञेने प्रत्येक गटाची बेरीज होते.

ही बेरीज कधी अडते, तर कधी चुकते. पुष्कळदा त्याचे कारण स्तंभाच्या प्रकारात असते. तक्ता तयार करताना प्रत्येक स्तंभ अंकांचा, मजकुराचा की दिनांकाचा, हे ठरवावे लागते. घाईत सर्वच स्तंभ मजकुराचे ठेवले, तर आपल्याला जेथे रक्कम दिसते, तेथे संगणकाला केवळ अक्षरे दिसतात.

थांबणारी चूक आणि न थांबणारी चूक

समजा, एका गावाच्या तीन भरण्यांच्या रकमा इंग्रजी अंकांत, परंतु मजकूर म्हणून नोंदविल्या आहेत : ८००, ९५० आणि १,२५०. खरी बेरीज ३,००० आहे. पोस्टग्रेस ही प्रणाली मजकुराची बेरीज करण्याचे नाकारते व तसा संदेश देते. मायएसक्यूएल ही प्रणाली मात्र मजकुराचे अंकांत परस्पर रूपांतर करते. स्वल्पविराम येताच ती थांबते आणि १,२५० ऐवजी केवळ १ धरते. उत्तर येते १,७५१. सर्वांत मोठी रक्कम विचारली, तर दोन्ही प्रणाली ९५० सांगतात. कारण मजकुराची तुलना शब्दकोशाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून होते.

यावरून ध्यानात येईल की, संदेश देऊन थांबणारी प्रणाली आपली अडवणूक करीत नसून राखण करीत असते. निमूटपणे आलेले चुकीचे उत्तर मात्र थेट अहवालात जाऊन बसते.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम स्तंभाचा प्रकार पाहावा. नंतर अंकांखेरीज अन्य चिन्हे असलेल्या नोंदी निवडून काढाव्यात. ‘रिप्लेस’ने स्वल्पविराम काढावा, ‘कास्ट’ने मजकुराचे अंकांत रूपांतर करावे आणि मगच बेरीज घ्यावी. देवनागरी अंकांत भरलेल्या रकमांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांचे रूपांतर करताना पोस्टग्रेस थांबते, तर मायएसक्यूएल बेरजेत त्यांना शून्य मानते. असे अंक आधी बदलून घ्यावेत.

रिकाम्या नोंदीचा निर्णय संगणकावर सोपवू नये. वसुली झाली नाही, की माहितीच आली नाही? पहिल्या बाबतीत शून्य लिहावे. दुसऱ्या बाबतीत नोंद ‘नल’, म्हणजे अज्ञात, ठेवावी. बेरीज व सरासरी दोन्ही अज्ञात नोंदी वगळतात. त्यामुळे बेरीज तीच राहिली, तरी सरासरी बदलते.

सांकेतिक क्रमांकांचा अपवाद

सर्वच आकड्यांना अंकांच्या स्तंभात घालणेही योग्य नव्हे. गावाच्या संकेतांकाची कोणी बेरीज करीत नाही. तो अंक म्हणून साठविल्यास आरंभीचे शून्य नाहीसे होते. मजकूर म्हणून ठेवल्यास ‘००७’ आणि ‘७’ हे दोन निराळे गट होतात आणि एकाच गावाची वसुली दुभंगते. म्हणून संकेतांक मजकुराचाच ठेवावा. परंतु त्यातील अक्षरांची संख्या ठरवून द्यावी. ज्याची मोजदाद करावयाची ते अंकांत, ज्याने ओळख पटवावयाची ते मजकुरात, हा साधा नियम पुरेसा आहे.

प्रत्येक वेळी प्रश्नातच दुरुस्ती करीत बसण्यापेक्षा एकदा स्तंभाचा प्रकार बदलणे श्रेयस्कर. त्यानंतर एका गावाची बेरीज रोजकीर्दीशी ताडून पाहावी. ती जुळली की उर्वरित गावांकडे वळावे. ज्या नागरिकाने पाणीपट्टी भरली, त्याचा प्रत्येक रुपया हिशेबात दिसला पाहिजे, हाच या खटाटोपाचा हेतू होय.