दांडा कसा निवडावा? – गोल्फच्या काठीतून विज्ञानाचा एक पाठ



तुडीलसारख्या गावात गोल्फचा पाठ कशाला, असं कुणीही विचारेल. पण आपल्या महाड-पोलादपूरकडे घरटी एखादा माणूस मुंबईला असतो. तिथे चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीतली कॅडीचं काम करणारी मुलं मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहायची आणि घरी आल्यावर गल्लीत स्वतःच्या काठीने खेळायची. ही काठी म्हणजे बांधकामाची सळई. टोक ठोकून वाकवायचं, धरायच्या जागी रबरी पाइपचा तुकडा चढवायचा, चेंडू प्लास्टिकचा. विकतची काठी परवडत नाही म्हणून केलेला हा उद्योग. पण आठवी-नववीच्या विज्ञानाला यापेक्षा चांगलं साधन शोधून मिळायचं नाही.

आता प्रश्न असा, की सळई किती जाडीची घ्यायची? वजनाचा हिशोब गावातला गवंडीही सांगेल : जाडीचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करा, 162 ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. म्हणजे 8 मिमीची सळई मीटरला 395 ग्रॅम, 10 मिमीची 617 आणि 12 मिमीची 888 ग्रॅम. (हा 162 कुठून आला ते मुलांनाच काढू द्या. पोलादाची घनता 7850 किलो प्रति घनमीटर आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ, एवढंच लागतं.)

वजनाबरोबर ताठपणाही बदलतो, पण तो फार वेगाने. भरीव सळईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 8 वरून 10 मिमीवर गेलात तर वजन दीडपटीहून थोडं जास्त, ताठपणा मात्र जवळजवळ अडीचपट. लांबीचं उलटं. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाने दांडा आठपट वाकतो. हे फळ्यावर लिहून पटत नाही. हॅकसॉचं पातं टेबलाच्या कडेला घट्ट दाबा, आधी 10 सेंमी आणि मग 20 सेंमी बाहेर ठेवा, टोकाला तेच छोटं वजन टांगा आणि पट्टीने मोजा. मुलं "एवढं?" म्हणतातच.

बाजारातली युटिलिटी काठी, म्हणजे लाकडी आणि लोखंडी काठीच्या मधली, साधारण मीटरभर लांब असते. अख्ख्या काठीचं वजन 350 ते 400 ग्रॅम. अरेच्चा, 8 मिमीच्या सळईएवढंच की! मग फरक काय? दोन्ही काठ्या बोटावर तोलून बघा. सरळ सळई बरोबर मध्यावर तोलते. युटिलिटी काठी मात्र डोक्याकडे सरकून तोलते, कारण वजनाचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या डोक्यात असतो. चेंडूला लागतं ते डोकं, म्हणून वजन तिथे हवं. आपली कुऱ्हाड तरी वेगळी कुठे आहे? दांडा हलका आणि चिवट, भार पात्यात. म्हणूनच सुतार दांड्यासाठी बिनगाठीचं, सरळ शिरांचं लाकूड शोधतो.

दांडा हलका ठेवूनही ताठ कसा ठेवायचा? पोकळ करून. बाहेरून 12 आणि आतून 10 मिमीची पोलादी नळी 10 मिमीच्या भरीव सळईपेक्षा किंचित जास्तच ताठ भरते, आणि वजन मीटरला 617 च्या जागी 272 ग्रॅम! बांबूला हे आधीपासून ठाऊक आहे. गोल्फमध्ये मात्र पूर्वी हिकरी लाकडाचे भरीव दांडे होते. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने पोलादी दांड्याला 1929 साली मान्यता दिली. 1970 च्या दशकात ग्राफाइट आलं. आजच्या युटिलिटी काठीत पोलादी दांडा 100 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड, तर ग्राफाइटचा 60 ते 90 ग्रॅमचा असतो. टोकाचा व्यास बहुधा 9.4 मिमी.

यातला कुठला घ्यावा? माझं मत असं, की आधी खेळणारा बघावा, डोकं नंतर. ज्याचा फटका जोरात आणि झपाट्याने येतो त्याला ताठ, थोडा जड दांडा. नाहीतर डोकं मागे-पुढे होतं आणि चेंडू भलतीकडे जातो. ज्याचा हात सावकाश फिरतो त्याला हलका आणि लवचीक. ताठ दांडा म्हणजे चांगला दांडा, हा गैरसमज मुलांत फार असतो.

पालकांनो, इथे जरा थांबा. आपण मुलाला बॅट घेताना "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून एक माप मोठी घेतो. कोयती-कुदळही मोठ्यांचीच हातात देतो. मग मूल दांडा मधेच धरतं, मनगटावर ताण घेतं आणि ती वाईट सवय हाताला कायमची लागते. मोठ्यांची काठी धरायच्या बाजूने कापून छोटी केली तरी काम भागत नाही. लांबी कमी झाली की ती आणखी ताठ लागते, डोक्याचं वजन तेवढंच राहतं, आणि बारा वर्षांच्या हाताला लवचीक दांडा हवा असतो. मुलासाठी दांडाच हलका निवडावा लागतो, आणि दोन वर्षांनी परत बदलावा लागतो. खर्च आहे, मान्य. पण सळईची किंवा बांबूची काठी बदलायला कितीसे पैसे लागतात?

वर्गात हे करताना सळईचं कापलेलं टोक आधी कानशीने घासून घ्या, मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवा आणि फटका मारणाऱ्याच्या मागे-पुढे दोन काठ्यांएवढ्या अंतरात कुणाला उभं राहू देऊ नका.