१४२८५७ : कापरेकरांच्या घराण्यातली एक संख्या

आपल्या एकलहऱ्याहून नाशिकरोडच्या पलीकडे गेलं की देवळाली. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शिकवत होते. संख्यांशी खेळणं हा त्यांचा छंद. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचे हे मास्तर जगाला माहीत झाले.

कापरेकर संख्या म्हणजे काय? संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे पाडा आणि बेरीज घ्या. मूळ संख्या परत आली पाहिजे. उदा. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५.

आता मोठी संख्या घेऊ : १४२८५७. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा :

२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

हा योगायोग नाही. कारण बघा :

१४२८५७ × ७ = ९९९९९९
१४२८५६ = ७ × २०४०८

संख्येला 'न' म्हणू. मग

न² − न = न × (न − १) = ९९९९९९ × २०४०८

९९९९९९ म्हणजे दहा लाख वजा १. म्हणून

न² = २०४०८ × १०००००० + (न − २०४०८)

डावा तुकडा २०४०८, उजवा न − २०४०८. बेरीज 'न'च येणार!

अशा संख्या संगणक क्षणात शोधून देतो, पण 'का' हे आपल्यालाच शोधावं लागतं. आता ७०३ तुम्ही करून बघा. सूचना एवढीच : ९९९ = २७ × ३७.